खर्र्याची दहा मिनिटं

आमच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार रोज सकाळी सगळ्यांचे खिसे चाचपतो. आगपेटी, लायटर, बिडी, जे सापडेल ते पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि संध्याकाळी परत देतो. बरोबरच आहे. आत कापसाचे ढीग असतात, एक ठिणगी पुरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. त्याच हाताला माझ्या खिशातली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, प्लास्टिकची पन्नी लागली की तो ती तशीच परत आत सारायचा आणि म्हणायचा, "हे चालते." सात वर्षं तो हे म्हणत होता. एकदा मी पन्नी खोलीवर विसरलो तर त्यानं स्वतःच्यातली चिमूट काढून दिली, वर म्हणाला, "दिवसभर कसा राहाशीन बे?"

आगपेटी आत गेली असती तर कापूस जळाला असता. ही पन्नी आत गेली आणि माझं तोंड जळालं. पण तोंडाला विमा नसतो, कापसाला असतो.

हे मी रागातच लिहितोय. आठवीत शाळा सोडलेला माणूस आहे, चुका होतील. पण राग नेमका कुणावर आहे हे बोलताना मला सांगता येत नाही, बोलायला लागलो की समोरच्याचे उपकार आठवतात आणि जीभ मऊ पडते. म्हणून कागदावर.

मी कोल्हापूरच्या खालचा, चंदगडकडचा. शाळा सुटल्यावर लेथवर लागलो. एका ठेकेदारानं जिनच्या मशिनी बसवायला म्हणून एका हंगामापुरतं इकडं वर्ध्याजवळ सिंदीला आणलं. मशिनी बसल्या, ठेकेदार गेला, मी राहिलो. रोलरचं चामडं झिजतं, सुरी सरकते, पट्टा तुटतो, रोज काहीतरी होतंच, आणि दुरुस्त करायला हाताशी कुणीतरी लागतं. घरी जायचं तर गाडीत एक दिवस आणि एक रात्र जाते. त्यामुळं जाणं वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर.

पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला. खोलीवर एकटाच पडलो होतो. आमचे फोरमन, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते सायकलवरून आले, दारातूनच म्हणाले, "मराचा हाय का अठी?" आणि मला मागं बसवून स्वतःच्या घरी घेऊन गेले. नऊ दिवस मी त्यांच्या ओसरीवर होतो. काकूंनी माझे कपडे धुतले, मुगाचं पाणी पाजलं. माझ्या आईला फोन लावून सांगितलं, "तुमचं पोरगं आमच्याजवळ हाय, फिकर करू नका." आईला अर्धं समजलं नाही, पण ती रडली. पुढं माझा दुपारचा डबा त्या घरातूनच यायला लागला. आजही येतो. असं कुणी कुणाचं करत नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडखळतो. पहिला खर्रा मला काकांनीच दिला.

खर्रा इकडचा आहे, आमच्याकडं नाही. भरडलेली सुपारी, तंबाखू, चुना, हे प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घोटत बसायचं. घोटून घोटून ओलसर, गरम झालं की चिमूट गालात. घोटायला वेळ लागतो, आणि खरी गोष्ट त्या वेळातच आहे.

माझा पहिलाच दिवस होता. मशिनींच्या आवाजानं डोकं बधिर झालेलं. साडेदहाला काका चौघांना घेऊन कडुनिंबाखाली बसले आणि मला हाक मारली, "ये कोल्हापूर, अठी बस." पन्नी उघडून माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, मी खात नाही.

"काऊन?"

"सवय नाही काका."

"सवय कोणाले पोटातून राह्यते? घे." मी तसाच बसलो. मग ते हसायचे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "आमच्या हातचं चालत नाई का तुले?"

महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात या प्रश्नाचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. चारही माणसं माझ्याकडं बघत होती. मी घेतला. चक्कर आली, घाम फुटला, ते पाठ थोपटून हसले आणि मी त्यांच्यातला झालो.

आणि लवकरच माझ्या लक्षात आलं की खर्र्याशिवाय इथं बसताच येत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मधे अर्धा तास जेवण. त्याव्यतिरिक्त कुणी टेकलेला दिसला की लगेच विचारणा. पाणी प्यायला जरा रेंगाळला तर, "झालं का पाणी?" लघवीला गेलेला परत यायच्या आत त्याच्या नावानं हाक. पण खर्रा घोटणाऱ्याला जिनिंगचे मालक, मोठे शेठही कधी काही बोलले नाहीत. माणूस खर्रा घोटतोय म्हणजे तो कामातच आहे, असं काहीतरी सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. बिडी ओढता येत नाही तर एवढं तरी करू द्या, असंही असेल. दिवसातून पाच-सहा वेळा दहा मिनिटं अशी मिळायची. मला वाटायचं मला खर्र्याची तलफ येते. येतच होती. पण पाठीलाही तलफ यायची, कानांनाही यायची, हे कळायला मला सात वर्षं लागली.

पाचव्या वर्षी गावी गेलो तेव्हा आईनं मटण केलं. मी कोल्हापूरचा माणूस, रश्श्याची वाटी तोंडाला लावून पिणारा. पहिल्या घासाला डोळ्यातून पाणी आलं. गालाच्या आतून कुणी तापलेलं उलथनं फिरवल्यासारखं. मी पाण्याचा तांब्या रिकामा केला. आई म्हणाली, "एवढं काय झालंय रं तुला? तिखट निम्मं घातलंय मी." त्यानंतर फोनवर तिचं दर रविवारी सुरू झालं, "तोंडात काय धरलंयस? नीट तोंड उघडून बोल की." मी म्हणायचो, नेटवर्क नाही. तोंडात काही नसताना मी असं म्हणायचो, कारण मलाही कळत नव्हतं की तोंडच नीट उघडत नाहीये.

शेवटी जांभई देताना जबडा अडकल्यासारखा झाला, घाबरून वर्ध्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी काही यंत्र लावलं नाही. म्हणाल्या, "तीन बोटं अशी उभी धरा आणि तोंडात घाला." दोन गेली. तिसरं दातावर आपटलं. मी पुन्हा प्रयत्न केला, जणू पहिल्यांदा माझं काहीतरी चुकलं होतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "खर्रा किती वर्षं?"

त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गाल आतून कडक होत चाललाय. खर्रा चालू राहिला तर दोनाचं दीड होईल, मग एक, मग पातळ पदार्थ नळीनं, आणि त्याहून वाईटही काही होऊ शकतं. बंद केला तर आहे ते राहील. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, थोडं येईल, तेही रोज मेहनत केली तर. मेहनत म्हणजे आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून दातांमधे धरायच्या, मावतील तेवढ्या. माझ्या चौदा मावल्या. पाच-सात मिनिटं तशाच धरायच्या, दिवसातून चार-पाच वेळा. काही आठवड्यांनी एक वाढवून बघायची. जोर करायचा नाही, पण एक दिवसही सोडायचा नाही.

"कामावर मधे सुट्टी होते ना? तेव्हा करत जा," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. काय सांगणार होतो, की मॅडम, आमच्याकडं सुट्टी फक्त खर्र्याची असते?

त्याच सुमारास छोट्या शेठनी भिंतीवर तक्ता लावला. मोठे शेठ आता घरीच असतात, कारभार मुलाकडं आहे. माणूस वाईट नाही. पुण्याला शिकलाय, कुणाला अरे-तुरे करत नाही, मला मिस्त्री म्हणतो, आजारपणात कुणाचा दिवस कापत नाही. पण कुठून तरी शिबिर करून आला होता आणि आम्हाला सुधारायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. तक्त्यावर प्रत्येकाचं नाव, समोर चौकोन, वर सवयी. उठल्यावर एक पेला कोमट पाणी. दोन पानं वाचन. तीन चांगल्या गोष्टींबद्दल आभार मानणे. आणि शेवटची, मला अजून ती अक्षरं डोळ्यापुढं दिसतात, दहा मिनिटं शांत बसणे.

"एकदम सगळं बदलायचं नाही," छोटे शेठ आम्हाला उभं करून सांगत होते. "एकदम छोटं छोटं. रोज थोडंसं. सालभरात बघा तुमची लाइफ कुठं जाते."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "कुठं जाते, अठीच राह्यते." हसू पिकलं. मी हसलो नाही. मला शाळेतली भीती अजून आहे, फळ्यावर आपलं नाव दिसलं की छडी आठवते. पहिले आठ दिवस मी रोज सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण केली. कोमट पाणी प्यालो नाही, दोन पानं वाचली नाहीत. दहा मिनिटं शांत बसलो नाही, पण खूण केली. छोटे शेठ येऊन म्हणाले, "मिस्त्री, शाबास." मला स्वतःची लाज वाटली आणि बरंही वाटलं.

खर्रा मी एका झटक्यात सोडला. पहिले तीन दिवस साडेदहाला बाकीचे निंबाखाली गेले की मी मशिनीपाशीच उभा राहिलो, म्हणजे मोह नको. डोकं फुटायचं, आणि मधे बसणंच नाही, त्यामुळं संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. चौथ्या दिवशी ठरवलं, जाऊन बसायचं, पण काड्या घेऊन. खिशातून काड्या काढल्या, रचल्या, दातांत धरल्या. चौघं गालात खर्रा, पाचवा मी तोंडात लाकडं. लाळ गळत होती, रुमाल धरला होता.

छोटे शेठ तेवढ्यात तिथून चालले होते. पाच माणसं बसलेली, पण थांबले माझ्यासमोर.

"काय झालं मिस्त्री, तबियत ठीक नाही? बसलात कशाला?"

चौदा काड्या तोंडात. मी हातानं काहीतरी खूण केली, ती मलाच कळली नाही. काका बोलले, "तोंडाची कसरत करून राह्यला तो. डॉक्टरनं सांगतलं."

"अच्छा अच्छा. मग घरी करा ना. सकाळी उठल्यावर. छोटीशी सवय लावून घ्या." आणि गेले. शेजारी चौघं घोटत बसले होते, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मला जो राग आला तो सात वर्षांत आला नव्हता. विष घोटत बसलेल्या माणसाला बसायचा हक्क आणि बरं व्हायला बसलेल्याला प्रश्न. मी काड्या खिशात टाकल्या आणि उठलो. रागानं उठलो असतो तर ठीक होतं. भीतीनं उठलो.

मग मी जे केलं ते सांगायला हसू येतं. दुसऱ्या दिवशी एका स्वच्छ पन्नीत मूठभर जवस घातली आणि निंबाखाली बसून ती घोटायला लागलो. तोंडात काड्या, हातात पन्नी. छोटे शेठ दोनदा गेले, एक शब्द बोलले नाहीत. हात घोटत होता ना. दोन महिने मी दिवसातून पाच वेळा जवस घोटली. काका म्हणायचे, "तेल काढतं का बे तिचं?" पण त्या दोन महिन्यांत चौदाच्या पंधरा झाल्या. पंधरावी काडी दातांखाली बसली त्या दिवशी मी आईला फोन केला, रविवार नसताना.

काकांचं एक सांगायला पाहिजे. मी सोडल्यावर त्यांनी मला पन्नी पुढं केली नाही. इकडं चार माणसांत पन्नी उघडून एकाला सोडून देणं म्हणजे त्याचा अपमान. ते ती उघडायचे, तिघांना द्यायचे आणि मला वगळायचे, तोंड दुसरीकडं करून. नव्यानं आलेल्या एका हमालानं विचारलं, "काका, कोल्हापूरवर रागावले काय?" ते म्हणाले, "हो. याले पुन्हा कधी द्याचा नाई मले, आन् तूही देजो नको."

मग गाठींची तक्रार आली. ज्या व्यापाऱ्याकडं आमची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, गेली होती त्यानं एक गाठ फोडली तर आत प्लास्टिकचे तुकडे निघाले. खर्र्याच्या पन्नीचे. घोटून झालं की पन्नी टाकायची, वाऱ्यानं ती कापसात, कापसातून मशिनीत, मशिनीत चिंधड्या होऊन रुईत. हे वर्षानुवर्षं होत असणार, मीच कितीदा रोलरमधून पन्नी ओढून काढली होती. माल परत यायची वेळ आली तशी छोट्या शेठनी संध्याकाळी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, उद्यापासून फाटकाच्या आत खर्रा बंद. चौकीदाराला नवा डबा दिला.

सात वर्षं माझं तोंड आतून शिवत आलं, काकांचं त्याहून जास्त वर्षं, आणि कुणाला दिसलं नाही. रुईत नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा दिसला आणि एका रात्रीत बंदी. मला आनंद व्हायला हवा होता ना? खर्रा बंद झाला. पण काय काय बंद झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. साडेदहाला कुणी उठलं नाही. उठायला कारणच नव्हतं. निंबाखाली फक्त कुत्रं झोपलेलं. माझी जवसाची पन्नीही डब्यात गेली होती. मी चौकीदाराला म्हटलं, अरे यात जवस आहे. तो म्हणाला, "पन्नी म्हणजे पन्नी. मले काय मालूम तू उद्या काय घालशीन."

आणि खर्रा काही सुटला नव्हता. लोक फाटकाबाहेर उभं राहून दुप्पट, तिप्पट चिमूट एकदम गालात कोंबून आत यायचे आणि जेवणापर्यंत तीच चोखत राहायचे. काकांचा डावा गाल सकाळपासून फुगलेला असायचा. आधी दहा मिनिटं असायचा तो आता दोन-दोन तास. मी उभ्या उभ्या काड्या धरून बघितल्या, पण मशीन चालू असताना तोंडात लाकडं आणि मान खाली, एक काडी पडली असती तर ती रुईत गेली असती. आठ-दहा दिवस कामावरच्या काड्या सुटल्या. पंधरावी बसेना. रात्री आरशात बघितलं, चौदावीसुद्धा कुरकुरत होती.

तेव्हा मी ठरवलं की छोट्या शेठकडं जायचं. ठरवलं आणि तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी काकांना म्हटलं, तुम्ही चला, मला भीती वाटते. ते म्हणाले, "कायची भीती? तो काय तुले खाते?" पण आले.

ऑफिसात गेल्यावर मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "शेठ, खर्रा बंद केलात ते चांगलं केलंत. पण बसणं पण बंद झालं. सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं, सगळ्यांना, नुसतं बसायला पाहिजे."

"मिस्त्री, सीझन चालू आहे."

"आधी पण सीझनच होता. आधी दिवसातून पाच वेळा बसत होते सगळे."

"ते खर्र्यासाठी बसत होते."

"तेच म्हणतोय मी." माझा आवाज चढला असावा, काकांनी माझ्याकडं बघितलं. "खर्र्यासाठी बसलेलं चालतं आणि खर्रा सोडून बसलेलं का चालत नाही? तुमच्या तक्त्यावर लिहिलंय, दहा मिनिटं शांत बसा. मी रोज खूण करतो. खोटी करतो. कुठं बसू, सांगा."

छोटे शेठ जरा गडबडले. "अहो, ते घरचं आहे. आपली पर्सनल सवय. मनानं घ्यायची गोष्ट आहे ती."

मनानं. मी दहा तास उभा असतो, घरी जाऊन स्वयंपाक करतो, आणि हा माणूस मला मनाचं सांगतोय. मी काय बोलणार होतो कुणास ठाऊक, पण तोंडातून निघालं, "शेठ, तीन बोटं अशी उभी करून तोंडात घाला."

"काय?"

"घाला तर."

त्यांनी घातली. कदाचित चकित झाल्यामुळं घातली. तीन बोटं सहज गेली, वर जागा उरली. मी माझी घातली. दोन, आणि तिसऱ्याची नुसती कड. "हे सात वर्षांत झालं," मी म्हटलं. "दोन महिने तुमच्या झाडाखाली जवस घोटून एक काडी मिळवली होती. ती दहा दिवसांत परत गेली."

छोट्या शेठनी रुमालानं बोटं पुसली. मग काकांकडं वळले, "काका, तुमचं?"

"मायं काय पायता?" काका हसले. "म्हातारा झालो मी."

"दाखवा ना."

"जाऊ द्या शेठ, कामं पडले हायेत."

मीही म्हटलं, दाखवा काका. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग कोपऱ्यात जाऊन गालातला खर्रा काढून टाकला, तोंड पुसलं, आणि एक बोट घातलं. दुसरं नखापाशी थांबलं. त्यांनी जोर केला नाही. त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही.

सात वर्षं मी या माणसाशेजारी बसून जेवतोय. भाकरीचे बारके बारके तुकडे करून ते भाजीत भिजवत बसायचे, मऊ झाल्यावर एकेक तोंडात घालायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची पद्धत. मी रोज सकाळी आरशापुढं स्वतःचं तोंड मोजत होतो आणि जेवताना समोरच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. लोकांना काय म्हणून नावं ठेवू?

छोट्या शेठनी दहा मिनिटं दिली. साडेदहाला आणि चारला, पाळीपाळीनं, मशीन बंद न करता. हंगामापुरतं, पुढचं पुढं बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर नवा रकाना आला, निंबाखाली बसलेल्या आम्हा सगळ्यांचा फोटो काढला गेला आणि कुठंतरी टाकला गेला, खाली काय लिहिलं ते मला माहीत नाही. फोटोत मी हसतोय. छोट्या शेठना मी हात जोडून धन्यवाद म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि खोलीवर आल्यावर स्वतःचाच राग आला. बसायला मिळालं म्हणून हात जोडले मी. पण काय करू, मला दुसरं येत नाही, आणि खरंच, नसती दिली तर?

काकांना दवाखान्यात न्यायला काकूंना तीन आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना जास्त कडक शब्दांत सांगितलं, गालातला एक तुकडा तपासायला घेतला. तो अहवाल येईपर्यंत काकू कुणाशी धड बोलल्या नाहीत. अहवाल बरा आला. मग त्या बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. मी डबा आणायला गेलो होतो, दारातच पकडलं. "आता दोघायचं फिकं वेगळं, घरच्यायचं तिखट वेगळं. मले दोन चुली लावून द्या." मग काकांकडं बघून, "परक्याच्या पोराले लावलं तुम्ही, आता त्याच्या पंगतीले बसा."

काका म्हणाले, "बसूनच राह्यलो ना."

मला त्या घराचा राग येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी. आला तर त्या रागाचं पुढं काय करायचं हेही कळत नाही. काकाही आता माझ्याशेजारी काड्या धरतात, सुरुवातीला त्यांच्या आठ मावल्या. पण त्यांचा खर्रा पूर्ण सुटलेला नाही. संध्याकाळी फाटकाबाहेर एक चिमूट घेतात, मला दिसू नये म्हणून भिंतीच्या आडोशाला जातात. मी बघितलं न बघितल्यासारखं करतो. दिवसभरात तेवढंच, आधी दिवसभर असायचं.

चौकीदाराला आता तिसरं काम लागलंय. आमच्या काड्या मोजून आत सोडायच्या आणि संध्याकाळी मोजून बाहेर, एकही रुईत जायला नको म्हणून. तो हे काम फार मन लावून करतो. सात वर्षं माझ्या तोंडात काय जातंय ते त्यानं मोजलं नाही, आता लाकडं मोजतो, आणि मी रोज सकाळी मनातल्या मनात त्याला दोन शब्द ऐकवतो, आणि रोज सकाळी गप्प उभा राहतो.

परवा सकाळीही तसाच उभा होतो. काका माझ्यापुढं. चौकीदारानं त्यांची जुडी सोडली, बोटानं एकेक सरकवली, थांबला, पुन्हा मोजली.

"काका, काल आठ होत्या ना?"

"नऊ हायेत," काका म्हणाले. "पुन्हा मोज."